पाचव्या भिडूचा नियम

आमच्या रविवारच्या डावाचे नियम मी लिहायचे. मला कुणी नेमलं नव्हतं. पाच जणांत एखाद्याला कागद दिसला की पेन काढायची खोड असली तर ते काम त्याच्याच गळ्यात पडतं, आणि माझी खोड जुनी आहे.

माझी आई अंगणवाडी सेविका. तिच्या संघटनेची तालुक्यातली पत्रकं तीच लिहायची. आमच्याकडे जेवणं उरकली की ताटांच्या जागी पत्रकांची चळत यायची आणि आई, बाबा आणि मी घड्या घालत बसायचो. मला ‘कमळ’ लिहिता येण्याआधी ‘मानधन’ वाचता आलं. त्या शब्दाचा राग करायलाही मी तेव्हाच शिकले. आई म्हणायची, “बघ, पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मान देतो म्हणायचं आणि धन द्यायचं नाही. शब्दात कुठं चोरी होते ते आधी बघायचं.” मी ते इतकं मनावर घेतलं की अकरा वर्षांची असताना शाळेत बाईंशी ‘शिपाई’ या शब्दावरून भांडले. शिपाईमामा मध्ये पडले तेव्हा कुठं थांबले.

हे आधी सांगते, कारण पुढं जे घडलं ते शब्दांकडे लक्ष नसलेल्या माणसाच्या हातून घडलेलं नाही.

शिक्षण झाल्यावर मी श्रीरामपुरातच एका छापखान्यात मांडणीच्या कामाला लागले. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, दुकानांची बिलबुकं. छापखान्याच्या मागच्या गल्लीत एक बेकरी आहे. बेकरीवाल्याचा मुलगा माझा शाळेपासूनचा मित्र, आता तोच भट्टी बघतो. बेकरीच्या वर पत्र्याची एक खोली आहे, मैद्याची रिकामी पोती आणि वाकलेले ट्रे ठेवायची. रविवारी दुपारी आम्ही तिथं जमायचो. खालून भट्टीची ऊब यायची आणि खारीचा वास. उन्हाळ्यात ती ऊब सोसायची नाही, पण जागा फुकट होती आणि खारीही.

खेळ आणला तो शिर्डीकरानं. त्याच्या घरचं शिर्डीत हार-प्रसादाचं दुकान. तो श्रीरामपूरला कॉलेजात होता तेव्हापासून आमच्यात. पत्त्यांचा खेळ म्हटल्यावर रमी किंवा बदाम सात डोळ्यांसमोर येईल, तसा हा नाही. हे पत्ते बंद पाकिटांत मिळतात. पाकिटात काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. एकेका पत्त्यावर एकेक चित्र असतं, राक्षस, योद्धा, मंत्र, आणि खाली त्याची ताकद लिहिलेली. आपल्याकडच्या पत्त्यांतून चाळीस निवडायचे, आपला गठ्ठा बांधायचा आणि समोरच्याच्या गठ्ठ्याशी लढायचं. प्रत्येकाला वीस जान. ज्याची जान आधी संपली तो हरला.

म्हणजे ज्याच्याकडे पाकिटं जास्त त्याच्याकडे भारी पत्ते जास्त. शिर्डीकराकडे तीन डबे भरून होते. बेकरीवाल्याकडे शंभरेक. माझ्याकडे बावीस. आमच्यात एक नर्सताई होती, आमच्याहून सातआठ वर्षांनी मोठी, हॉस्पिटलची ड्यूटी सांभाळून यायची. आम्ही तिला सिस्टर म्हणायचो. तिच्याकडे एकही नव्हता. आणि पाचवी माझी मैत्रीण, पाथर्डीकडची. कॉलेजच्या होस्टेलवर राहायची. प्रोजेक्टचं बायंडिंग करून घ्यायला छापखान्यात आली आणि माझ्या टेबलावरचा पत्ता उचलून म्हणाली, “ही बाई कुणाशी भांडतीय?” त्या रविवारी मी तिला वर घेऊन गेले. तिच्याकडे सात पत्ते होते, शिर्डीकराला दोनदोन निघालेल्यांतले, त्यानंच दिलेले.

पहिले दोन महिने शिर्डीकरच जिंकला. मग मी पहिलं पत्रक काढलं. खरंच पत्रक, छापखान्यात उरलेल्या पिवळ्या कागदावर. मथळा होता, ‘पत्ते कुणाचे? सर्वांचे!’ नियम असा: सगळ्यांचे पत्ते एका ढिगात टाकायचे. डावाआधी प्रत्येकानं ढिगातून पंधरा उचलायचे, त्यातला एक आपल्याला ठेवायचा, बाकीचे डावीकडच्याला द्यायचे. त्यानं एक ठेवायचा, उरलेले पुढं द्यायचे. असं पंधरा-पंधरा तीनदा फिरवले की प्रत्येकाचा गठ्ठा तयार होतो. त्यात कुणाच्या घरचे डबे कामाला येत नाहीत, फक्त डोकं येतं.

“सगळं डावीकडंच कसं काय जातं तुझ्याकडं?” शिर्डीकर म्हणाला. “एखादा पत्ता उजवीकडं दिला तर आई घरात घेणार नाही का?”

“तुझे तीन डबे आधी ढिगात टाक,” मी म्हटलं, “मग विनोद कर.”

त्यानं टाकले, हे इथं सांगायला हवं. कुरकुरला, पण टाकले. आणि खेळ एकदम चांगला झाला. सिस्टर जिंकायला लागली. पाथर्डीची सगळ्यांत शांत खेळायची. शेवटपर्यंत एक मंत्र हातात दाबून ठेवायची आणि तुम्ही खारीचा तुकडा तोंडात टाकलात की उतरवायची. माझी छाती फुगली. चार कागद लिहून एका खोलीतली विषमता मी संपवली होती. मला वाटायचं, आईच्या संघटनेला इतकी वर्षं लागतायत, मला दोन रविवार लागले.

मग प्रश्न आला पाचाचा. समोरासमोरचा डाव दोघांचा. चार असले की दोन डाव होतात, पाचवा बघत बसतो. मी जोड्यांचा प्रकार काढला: दोघांनी मिळून एकच बाजू खेळायची, एकानं पत्ते उतरवायचे, दुसऱ्यानं राखण करायची. जोडीला मिळून वीस जान, हातात पाच पत्ते. तरी एक जण उरायचाच.

“पाचव्याला कच्चा लिंबू ठेवू,” बेकरीवाला म्हणाला. लहानपणी खेळात धाकट्या भावंडाला घेतात तसं, असून नसल्यासारखं.

मी उसळलेच. “कच्चा लिंबू हा अपमान आहे. माणूस खेळात आहे तर त्याला मोजा. नीट जागा द्या.”

ती जागा द्यायला मी घरी बसले आणि मला एक शब्द सुचला. त्याच आठवड्यात मी ऊसतोड कामगारांचं एक पत्रक मांडलं होतं. त्यात होतं: ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एक तोडतो, एक मोळी बांधतो, मजुरी जोडीची. एकटं माणूस असेल तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. मी ते टाईप केलं होतं, शुद्धलेखन तपासलं होतं आणि मला भरूनही आलं होतं. मग मी त्यातून शब्द उचलला. जोडी म्हणजे एक कोयता. उरलेला पाचवा भिडू म्हणजे अर्धा कोयता: दहा जान, हातात तीन पत्ते, आणि त्याला कुठल्याही जोडीच्या मदतीला जायची मुभा. अर्धा कोयता कोण, तर जो शेवटी येईल तो. डाव तीनला सुरू, कारण शिर्डीकराला सहाची बस.

मी ते वाचून दाखवलं तेव्हा सिस्टर म्हणाली, “शब्द जरा कसातरीच वाटतो गं.”

“कसातरी कसा?” मी म्हटलं. “कष्टकऱ्यांचा शब्द आहे. राजा, राणी, गुलाम चालतात आपल्याला पत्त्यांत, आणि कोयता खुपतो?”

ती गप्प झाली. मी वादात लोकांना गप्प करू शकते. लोक पटल्यावर गप्प होतात आणि कंटाळल्यावरही होतात. मी तेव्हा दोन्हींची मोजणी एकत्रच करायचे. पाथर्डीची त्या दिवशी आलेली नव्हती.

ती रविवारी एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरला बसायची. तिथून साडेतीनला सुटायची. मला हे ठाऊक होतं. तरी पुढचे चारही रविवार ती चारच्या सुमारास जिना चढून आली, आम्ही चौघं जोड्या लावून बसलेले, आणि ती अर्धा कोयता. पहिल्यांदा मी तिला नियम वाचून दाखवला तेव्हा तिनं कागद माझ्या हातातून घेतला, परत वाचला आणि विचारलं, “हे कुठनं आणलं?”

“पत्रकातून,” मी अभिमानानं म्हटलं.

“बरंय,” ती म्हणाली आणि तीन पत्ते घेऊन बसली.

तिसऱ्या रविवारपासून शिर्डीकर गॅलरीतून गल्लीत बघत राहायचा आणि ती वळणावर दिसली की ओरडायचा, “आला रे आमचा अर्धा कोयता!” आम्ही हसायचो. तीही हसायची. सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचे, कारण माझा शब्द रुळला होता.

पाचवा रविवार दसऱ्यानंतरचा. शिर्डीकर नेहमीसारखा गॅलरीत गेला, ओरडला, “आला रे अर्धा कोयता!” आणि लगेच मागं सरकला. “कुणीतरी आहे बरोबर,” तो म्हणाला.

खालून एका बाईचा खणखणीत आवाज आला. “व्हय, आलाय की! जिना कुटं हाय?”

तिची आई होती. डोक्यावरून पदर, हातात पिशवी, वयानं माझ्या आईएवढीच असेल पण उन्हानं जास्त दिसणारी. यंदा तिची टोळी आमच्याच बाजूच्या एका साखर कारखान्याकडं आली होती. तोड सुरू व्हायच्या आधी लेकीला भेटायला म्हणून एसटीनं आली होती. पाथर्डीची तिच्या मागं जिन्यात उभी होती आणि वर येत नव्हती.

तिची आई आत आली, आम्हा चौघांकडं बघून हसली आणि म्हणाली, “कोन म्हनलं अर्धा कोयता? मीच ती. हिचे वडील गेल्यापासनं तीन सालं झाली, मी एकलीच जाती. पोरीनं सांगितलं व्हय तुमाला माझं?”

शिर्डीकर गॅलरीच्या दारातच उभा राहिला.

“लई ब्येस झालं,” ती म्हणाली. “मला वाटायचं, शेरात लाजती का काय पोरगी. कालेजात कुनाला सांगत नसंल, आई काय करती. सांगावं की. चोरी हाय का?”

पाथर्डीची तेव्हा वर आली. तिनं आईकडं पाहिलं नाही, आमच्याकडंही नाही. खाली ट्रेमध्ये मांडलेल्या पत्त्यांकडं बघत उभी राहिली.

बेकरीवाल्यानं उठून एक पोतं झटकलं, घडी घालून टाकलं. “बसा मौशी. खारी गरम आहे, आत्ताच काढलीय.” तो खाली जाऊन खारी आणि चहा घेऊन आला. बाकी आम्हा तिघांना तेवढंही सुचलं नाही.

आई बसली. खारी चहात बुडवून खाल्ली. तिला चित्रं आवडली, एक राक्षस उचलून म्हणाली, “ह्यो आमच्या मुकादमावानी दिसतोय.” आम्ही हसलो, जरा जास्तच. मग तिनं ट्रेखालून माझा पिवळा कागद ओढला. मोठ्या टाईपात छापलेला होता. बोट ठेवत ठेवत वाचायला लागली. तिला वाचता येत होतं, सावकाश. “अर्धा... कोयता. दहा... जान. तीन... पत्ते.” थांबली. “जो... शेवटी... येईल... तो.”

मी समोर बसून ऐकत होते. माझेच शब्द मी कधी इतक्या सावकाश ऐकले नव्हते.

तिनं कागद खाली ठेवला, त्याच्या कडा सरळ केल्या. “आसं व्हय,” ती म्हणाली. “खेळ हाय.” मग लेकीकडं बघून हसली, पण जिना चढून आली तेव्हाचं ते हसू नव्हतं. तिला समजलं होतं की लेकीनं आम्हाला काहीच सांगितलेलं नाही. आणि लेकीला समजलं होतं की आईला ते समजलंय. पाच मिनिटं एक बाई खूश होती, आणि तेवढी पाच मिनिटंही माझ्या कागदानं तिच्याकडून काढून घेतली.

ती पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढून ठेवून गेली. “समद्यांनी खावा,” म्हणाली. पाथर्डीची तिला सोडायला स्टॅंडवर गेली आणि परत आली नाही.

इथं थांबले असते तर अजाणतेपणी झालं असं तरी म्हणता आलं असतं. त्यापुढचं मी पूर्ण शुद्धीत केलं.

आमच्या घरात चूक झाली की ती जाहीर कबूल करायची असं मी शिकले होते. संघटनेच्या बैठकीत आईनं एकदा उभं राहून स्वतःची चूक सांगितली होती, आणि लहानपणी मला ती जगातली सगळ्यांत शूर गोष्ट वाटली होती. मी आठवडाभर बसून माफीनामा लिहिला. त्याला मथळा दिला, ‘आम्ही चुकलो!’ त्यात लिहिलं की एका कष्टकरी, एकट्या आईच्या वाट्याला आलेला शब्द आम्ही खेळणं म्हणून वापरला. तिचा नवरा गेल्यापासून ती एकटी उसाच्या फडात उभी आहे. आणि तिची मुलगी हे सगळं मुकाट्यानं सोसत आमच्यात बसत होती. खूप चांगलं लिहिलं होतं. छापखान्यात दुपारच्या सुट्टीत मांडलं, पाच प्रती काढल्या. प्रत्येकाला एक.

पुढच्या रविवारी ती आली. मला वाटलं होतं, येणार नाही. चारला आली, भिंतीला टेकून बसली, आणि मी उभी राहून वाचायला लागले. सिस्टरनं मधेच माझा कुडता ओढला. मी हात झटकला. ‘मुकाट्यानं सोसत’ या ओळीला माझा आवाज भरून आला, आणि मला आठवतंय, तो भरून आलेला मला आवडला.

वाचून झालं. मी तिच्या हातात तिची प्रत दिली. तिनं ती पाहिली, मग बाकीच्यांच्या हातातल्या पाहिल्या.

“हे कुणासाठी लिहिलंस?” तिनं विचारलं.

“तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी एकच कागद लागला असता. पाच कशाला छापले?”

ती उठली. शिर्डीकराकडून, बेकरीवाल्याकडून, सिस्टरकडून, माझ्याकडून एकेक प्रत मागून घेतली. चौघांनीही निमूट दिली. पाचही कागदांची एकावर एक घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि दारात थांबून म्हणाली, “वडील कधी गेले ते मी होस्टेलमध्येसुदिक कुनाला सांगितलं न्हाई. माझ्या रूममेटला न्हाई.” ती एरवी आमच्यात आमच्यासारखंच बोलायची. त्या दिवशी घरचं बोलली.

शिर्डीकर जिन्यातून तिच्या मागं धावला, “अगं ऐक, मी ओरडायला नको होतं,” असं काहीतरी म्हणत. तो साधा माणूस. त्याला माफी मागायला जिना पुरला.

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती शब्दावरून रागावेल. ती माफीनाम्यावरून रागावली. “मी बैठकीत उभी राहिले तेव्हा माझी चूक सांगितली होती,” ती म्हणाली. “दुसऱ्याचं घर नव्हतं सांगितलं.” मग भाजी निवडता निवडता थोड्या वेळानं, “आणि तिला तू विचारलंस का, काय पाहिजे?” मी म्हटलं, नाही. आई निवडलेली भाजी घेऊन आत गेली. तिनं दोन शब्द शिव्यांचे दिले असते तर मला बरं वाटलं असतं.

दोन आठवड्यांनी मी होस्टेलवर गेले. ती मागच्या अंगणात नळाखाली कपडे धूत होती. मी कागद नेला नव्हता. एकच वाक्य पाठ करून गेले होते.

“माझं चुकलं.”

ती पिळत राहिली. मी पुढं “कारण” म्हणायला तोंड उघडलं.

“कारन सांगू नको,” ती म्हणाली. “तुझी कारनं लई चांगली असत्यात.”

तिनं ओढणीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आम्ही दोघींनी ती पिळली. मग तिनं विचारलं, “मला लॅबमधनं साडेतीनला सोडत्यात. तुला ठाऊक हुतं?”

“हो.”

“मग तुमी तीनला का सुरू करायचा?”

“शिर्डीकराची बस सहाची...”

“चारला सुरू केला असता तर दोन तास न्हाई मिळत?”

मिळत होते. एक डाव पाऊण तासाचा.

“तू येवडे नियम लिहिले,” ती म्हणाली. “डावीकडं द्या, एक ठेवा, जोडी करा, मदतीला जावा. मी येईपर्यंत थांबा, हे एक लिहायचं सुचलं न्हाई तुला?”

खरोखरच सुचलं नव्हतं. शेवटी येणाऱ्याला कमी द्यायचं, ते किती कमी, आणि त्याला नाव काय ठेवायचं, यावर मी तीन संध्याकाळी घालवल्या होत्या. तो शेवटी का येतो, हा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता. आमच्या घरातल्या कुठल्याही पत्रकात तो पहिला असतो.

पुढच्या रविवारी मी नियमाचा कागद हातानं लिहिला, तीन ओळींचा: पाचही जण आल्याशिवाय पत्ते पिसायचे नाहीत. जोड्या पत्ते ओढून ठरवायच्या. एकटा उरेल त्याला पूर्ण वीस जान, पूर्ण पाच पत्ते, आणि त्याला नाव काहीच नाही.

“एकट्याला पूर्ण दिलं तर तोच जिंकत बसेल,” शिर्डीकर म्हणाला.

“खेळून बघू,” सिस्टर म्हणाली.

पण खेळलो नाही. ती आली नाही, आणि नियम नियम होता. चारला बसलो, खारी खाल्ली, पावणेसहाला शिर्डीकर उठला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. गठ्ठा ट्रेमध्ये तसाच. बेकरीवाला एकदा म्हणाला, “यार, नुसता पिसून तरी ठेवतो,” आणि सिस्टरनं त्याच्या हातावर चापट मारली.

तिसऱ्या रविवारी चार वाजून दहा मिनिटांनी ती आली. गॅलरीत कुणी नव्हतं. पत्ते ओढले तर एकटा शिर्डीकर निघाला. वीस जान घेऊन बसला आणि पाऊण तासात हरला. पुढच्या डावात एकटी सिस्टर, तीही हरली. तेव्हा मला कळलं की माझं गणितसुद्धा चुकलं होतं. दोघं एकमेकांचं राखतात; एकट्याला पूर्ण दिलं तरी कमीच पडतं. मी त्याला अर्धं देऊन न्याय केला म्हणत होते, आणि एकदाही स्वतः त्या जागी बसून खेळले नव्हते.

हे लिहिलेलं मी तिला आधी दाखवलं. या वेळी प्रत एकच होती. एका रविवारी मी मुद्दाम लवकर गेले, तीही लॅबला सुट्टी असल्यानं आली होती, आणि तिनं पोत्यावर बसून शेवटपर्यंत वाचलं. दोन ठिकाणी आडवी रेघ मारली. तो मजकूर इथं नाही. तिच्या आईचं बोलणं राहू दे म्हणाली. नावं घालू नको म्हणाली.

“आणि तो शब्द?” मी विचारलं. “काढू का?”

“नको. तो आईचा हाय.”

मग मी तिला सांगितलं की त्या माफीनाम्याची सहावी प्रत होती. मुद्रितशोधनाची, पहिली काढलेली, माझ्या लाल पेनाच्या खुणा असलेली. ती छापखान्यातल्या माझ्या ड्रॉवरमध्येच राहिली होती. तिनं पाच मागून घेतल्या तेव्हा मी ती सांगितली नव्हती. फेकवली नाही, कारण चांगली लिहिली होती.

“आता सांगतीस?” ती म्हणाली.

माझ्या पिशवीतच होती. काढून दिली. तिनं वाचली नाही. तेवढ्यात जिन्यात शिर्डीकराचा आणि बेकरीवाल्याचा आवाज आला, मागून सिस्टरचा. तिनं कागद उलटा करून ट्रेवर ठेवला, कोऱ्या बाजूवर गुण मांडायला पाच रकाने आखले आणि गठ्ठा माझ्याकडं सरकवला.

पुढं सगळी दुपार मी त्या कागदाचा उचलून येणारा कोपरा बघत राहणार होते, कुणी तो उलटवतं का म्हणून. तिनं त्यावर चटणीचा डबा ठेवला होता. तिच्या आईचाच, आम्ही धुऊन परत न्यायला ठेवलेला.

“पिस,” ती म्हणाली.